‘उचल’ या शब्दाचे ओझे

इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या मुलांना सर्वाधिक जाच होतो तो त्या भाषेतील जोडक्रियापदांचा. एखादे साधे क्रियापद, त्याच्या मागे शेपटासारखे एक चिमुकले अव्यय, आणि अर्थ मात्र भलतीकडेच गेलेला! ‘पिक’ म्हणजे वेचणे किंवा निवडणे, ‘अप’ म्हणजे वर, हे मुलाला ठाऊक असते. परंतु ‘पिक अप’ म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. खाली पडलेली वस्तू उचलणे, शाळेतून मुलाला घरी घेऊन येणे, कानावर पडून पडून एखादी भाषा आत्मसात करणे, दुखणे जडणे, मंदावलेल्या धंद्याने उचल खाणे, अर्धवट सोडलेले सूत्र पुन्हा हाती घेणे, पोलिसांनी एखाद्या संशयिताला पकडून नेणे, चारचौघांच्या खाण्याचे बिल एकट्याने भरणे, या साऱ्यांना इंग्रज माणूस ‘पिक अप’ म्हणतो. शाळेच्या पुस्तकात त्याचे पर्याय दिलेले असतात : ‘लिफ्ट’, ‘कलेक्ट’, ‘लर्न’, ‘इम्प्रूव्ह’, ‘रिझ्यूम’. मूल ते पाठ करते आणि परीक्षेनंतर विसरते.

ही अडचण केवळ आपल्या मुलांची नव्हे. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश सिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी या क्रियापदांचा आवर्जून उल्लेख केला होता. परक्यांना सर्वांत कठीण जाणारा भाग हाच, हे जाणून आपण त्यांची नोंद विशेष काळजीने केली आहे, असा त्यांचा आशय होता. या क्रियापदांना आज रूढ असलेले ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव १९२५ साली लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या ग्रंथामुळे सर्वतोमुखी झाले. ते नाव त्यांना कोशकार हेन्री ब्रॅडली यांनी सुचविले होते.

मराठी आणि इंग्रजी यांच्यामधील वाट प्रथम तुडविणाऱ्यांत आपल्या श्रद्धेचा एक पाईक होता, हे वाचकांना सांगावयास नको. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास पोहोचले आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून निघाले. पुढे दोन शतकांनंतर मेजर मोल्सवर्थ यांनी, म्हणजे लोकांच्या ‘मोलेसरशास्त्रीं’नी, जॉर्ज आणि थॉमस कँडी या जुळ्या बंधूंच्या व मराठी पंडितांच्या साहाय्याने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. त्यांनीच आरंभिलेला आणि थॉमस कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली बाहेर पडला. अशा कोशकाराला एका इंग्रजी जोडक्रियापदासमोर मराठीतील एकच शब्द ठेवून भागत नाही. अर्थाच्या प्रत्येक छटेसाठी वेगळा शब्द शोधावा लागतो.

कारण इंग्रजी जे काम मागे जोडलेल्या अव्ययाकडून करून घेते, ते मराठी दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते. उचलून घेणे, उचलून देणे, उचलून नेणे, उचलून धरणे, उचलून टाकणे : मूळ क्रिया एकच, पण शेवटचे क्रियापद बदलले की कर्त्याचे मन बदलते. आई लेकराला उचलून घेते, सभा एखाद्याचे म्हणणे उचलून धरते, शेतकरी बांधावरचा दगड उचलून टाकतो. उचलण्यात माया आहे, पाठिंबा आहे आणि तिटकाराही आहे.

त्यातही गंमत अशी, की ‘उचलणे’ हे आपले साधे क्रियापद एकटेच ‘पिक अप’च्या बहुतेक अर्थांना पुरून उरते. आपण फोन उचलतो, खर्च उचलतो, बँकेतून कर्ज उचलतो. धाडसी माणूस विडा उचलतो, विचारी माणूस पाऊल उचलतो, रागीट माणूस हात उचलतो. जुने दुखणे पावसाळ्यात उचल खाते. दुसऱ्याचे लेखन आपल्या नावावर खपविणाऱ्याने उचलेगिरी केली असे आपण म्हणतो, आणि नकोशा अधिकाऱ्याची एके दिवशी उचलबांगडी होते. या क्रियापदाचे मूळ संस्कृतातील ‘उत्’ आणि ‘चल्’ यांत आहे. ‘उच्चल्’ म्हणजे वर जाणे. आणि त्याचा दुसरा अर्थ आहे जागा सोडून निघणे, प्रस्थान ठेवणे. हा दुसरा अर्थ वाचकांनी ध्यानात ठेवावा. मराठीतील ‘उचलणे’ तो विसरल्यासारखे दिसते. परंतु महाराष्ट्राच्या एका जिल्ह्यात तो दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास जिवंत होतो.

तो जिल्हा म्हणजे बीड. मराठवाड्यातील हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. बालाघाटच्या डोंगररांगा, हलकी जमीन आणि पर्जन्यछायेमुळे बेभरवशाचा पाऊस ही त्याची भौगोलिक मिळकत. भाषेच्या दृष्टीने मात्र हा जिल्हा श्रीमंत आहे. मराठीतील आद्य ग्रंथांपैकी एक मानला जाणारा ‘विवेकसिंधु’ (शके १११०, म्हणजे इ. स. ११८८) रचणाऱ्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला दाखविली जाते. कापडावर ग्रंथ लिहिणारे दासोपंत (१५५१–१६१५) तेथलेच. त्यांची सुमारे ४० फूट लांबीची ‘पासोडी’ प्रसिद्ध आहे. दासोपंतांनी देह ठेवला त्याच्या पुढच्याच वर्षी गोव्याकडे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले, हा योगायोग मनोरम आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा मराठीच्या ज्या प्राचीनतेचा गौरव झाला तिच्यात या भूमीचा वाटा मोठा आहे.

परंतु याच भूमीने गेल्या सत्तर वर्षांत मराठीला आणखी काही शब्द दिले; निदान जुन्या शब्दांना नवे अर्थ दिले. ‘कोयता’ म्हणजे ऊस तोडण्याचे हत्यार. पण ऊसतोडीच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणजे नवराबायकोची एक जोडी. एकटा माणूस आला तर तो ‘अर्धा कोयता’. ‘फड’ म्हणजे तोडणीचे शेत, ‘कोपी’ म्हणजे तात्पुरती झोपडी, ‘मोळी’ म्हणजे डोक्यावर वाहून नेण्याचा उसाचा भारा, ‘वाढे’ म्हणजे गुरांसाठी विकला जाणारा उसाचा हिरवा शेंडा, ‘खाडा’ म्हणजे चुकलेला दिवस. आणि या साऱ्या शब्दांच्या आधी येणारा, त्यांना एका दोरीत ओवणारा शब्द म्हणजे ‘उचल’.

ही उचल बीडच्या खेड्यात कशी शिरली? शब्द नवा नव्हता. गुढीपाडव्याला वर्षाच्या बोलीने राहणारा सालगडी आपल्या मालकाकडून उचल घेत असे आणि वर्षभर राबून ती फेडत असे. साखर कारखानदारीने ही जुनी रीत मोठ्या प्रमाणावर चालविली. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात ऊस पिकू लागला. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि त्यापाठोपाठ पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. ऊस तोडल्यावर वेळेत गाळला नाही तर त्यातील साखर घटते; म्हणून कारखान्याला हंगामभर न चुकता माणसांचे हात हवे असतात. शेजारच्या कोरडवाहू जिल्ह्यात, खरिपाचे पीक निघाल्यावर, नेमके तेच हात रिकामे असतात. १९७२ च्या भीषण दुष्काळाने अनेक कुटुंबांची उरलीसुरली तग मोडली. पुढे बीड जिल्ह्यातही कारखाने निघाले, तरी बाहेरची वाट बंद झाली नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटकापर्यंत ती जाते.

व्यवहार असा चालतो. हंगामाआधी, पावसाळ्यात, घरात दाणा आणि गाठीला पैसा नसतो तेव्हा मुकादम खेड्यात येतो. ‘मुकादम’ हा अरबी मुळाचा शब्द. त्याचा अर्थ ‘पुढे असलेला’. कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून मिळालेल्या रकमेतून तो प्रत्येक कोयत्याला उचल देतो. त्या पैशांतून मुलीचे लग्न होते, दवाखान्याची देणी भागतात, मागचे कर्ज मिटते. दसरा-दिवाळी झाली की टोळी निघते. रस्त्याच्या कडेला एसटीची जी निवाऱ्याची जागा असते तिला आपल्या खेड्यांत ‘पिकअप शेड’ म्हणतात. तो इंग्रजी शब्द भिंतीवर मराठी अक्षरांत लिहिलेला असतो. अशा शेडच्या आसपास भांडीकुंडी, शेळी, कोंबड्या आणि लेकरे घेऊन माणसे ट्रक-ट्रॅक्टरची वाट पाहतात. शाळेच्या पुस्तकातील ‘पिक अप’चा एक अर्थ येथे अक्षरशः पाहावयास मिळतो. उचल घेतलेली माणसे उचलून नेली जातात. ‘उच्चल्’चा विसरलेला अर्थही येथेच सापडतो : घर सोडून निघणे.

थोडा हिशेब करून पाहू. जानेवारी २०२४ मध्ये कारखानदार व कामगार संघटना यांच्यातील बोलण्यानंतर तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि टनामागे सुमारे ३६६ रुपये हा दर आला. एका जोडीने एक लाख रुपये उचल घेतली असे मानू. ती फिटण्यास सुमारे २७३ टन ऊस तोडला पाहिजे. पहाटेपासून राबून जोडीने दिवसाला दोन टन तोडला, तरी त्याला सुमारे १३७ दिवस लागतात. हे साडेचार महिने झाले. म्हणजे बहुधा सारा हंगामच. मधल्या काळात पोटासाठी जी ‘खर्ची’ घ्यावी लागते ती वेगळी. कोणी आजारी पडले, पाऊस आला, बाळंतपण आले, तर खाडा. आणि खाड्याला दंड. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या खात्यावर. जे हाती आलेले नाही तेही उचलले गेलेले असते.

शब्दांच्या पर्यायांचा विचार करणाऱ्याने येथे थोडे थांबावे. कामाआधी मिळालेल्या पैशाला मराठीत किती नावे आहेत! सरकारी कर्मचाऱ्याला सणासाठी मिळतो तो ‘अग्रिम’. शहरातील माणूस लग्नाचे सभागृह ठरविताना देतो तो ‘ॲडव्हान्स’. जमिनीच्या सौद्यात देतात तो ‘इसार’. दुष्काळात सरकार शेतकऱ्याला देई ती ‘तगाई’. कोशात हे शब्द शेजारी शेजारी बसतील. जीवनात त्यांच्यामध्ये कोसांचे अंतर आहे. अग्रिम घेणाऱ्याचा पगार चालूच राहतो, हप्ता ठरलेला असतो आणि त्याच्या बायकोचे नाव त्या कर्जात गोवले जात नाही. ॲडव्हान्स देणारा माणूस तर गिऱ्हाईक असतो. घेणारा त्याला नमस्कार करतो. उचलीत मात्र घेणारा आपले पुढील सहा महिने, आपली पत्नी आणि पुष्कळदा आपल्या मुलांची शाळा, हे सारे त्या रकमेसोबत देऊन बसतो. ‘अग्रिम’ आणि ‘उचल’ हे समानार्थी शब्द आहेत, असे म्हणणे व्याकरणाला परवडेल. न्यायाला परवडणार नाही.

याच क्रियापदाने शेजारच्या लातूर जिल्ह्यातील एका समाजाला कसे डागले, तेही येथे आठवते. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अनेक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो शिक्का कायद्याने पुसला गेला १९५२ साली. लोकांच्या जिभेवरून तो अजून पुसलेला नाही. पोटासाठी खिसा उचलणारा ‘उचल्या’ झाला आणि त्याची पुढची पिढीही उचल्याच राहिली. गरिबाची अडचण हेरून त्याचा अख्खा हंगाम आगाऊ उचलणाऱ्याला मात्र आपल्या भाषेने असे नाव दिले नाही. भाषा निष्पाप नसते. कोणाला नाव ठेवायचे आणि कोणाला वगळायचे, हे तीही ठरवीत असते.

कायद्याने या प्रश्नाकडे पाहिले ते १९७६ साली. त्या वर्षीच्या वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियमाने, आगाऊ रक्कम घेतल्याच्या बदल्यात माणसाने आपले श्रम बांधून देणे आणि दुसरीकडे जाण्याचे स्वातंत्र्य गमावणे, हे बेकायदा ठरविले. १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. न्या. भगवती यांच्या निकालपत्राचा आशय असा, की सक्ती ही केवळ दंडुक्याची नसते. भुकेने आणि गरिबीने लादलेली असहायता हीसुद्धा सक्तीच होय. किमान वेतनाहून कमी पैशांवर जो राबतो, तो राजीखुशीने राबत नाही.

हा विचार वाचताना आपल्याला एक जुना स्वर ओळखीचा वाटेल. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगारांच्या वेतनाविषयी हेच सांगितले होते. गरजेपोटी किंवा अधिक वाईटाच्या भीतीने कामगाराने कठोर अटी मान्य केल्या, तर तो करार त्याच्या अंगठ्याने खरा होत नाही. तो अन्यायाचाच बळी ठरतो. रोमहून निघालेला विचार आणि दिल्लीच्या न्यायासनावरून निघालेला विचार, यांत ९१ वर्षांचे अंतर आहे. दोघांनीही ‘त्याने स्वतःच तर उचल घेतली ना?’ या आपल्या नेहमीच्या प्रश्नाला उत्तर देऊन ठेवले आहे.

या उचलीचे सर्वांत जड टोक स्त्रीच्या डोक्यावर येते. कोयत्यात ती अर्धी असते, परंतु पैसे बहुधा नवऱ्याच्या हाती पडतात. मोळी डोक्यावर घेऊन ती फळीवरून ट्रकमध्ये चढते, कोपीवर येऊन चूल पेटविते आणि खाडा पडू नये म्हणून दुखणे अंगावर काढते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर झाल्याचे उघड झाल्यावर २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली होती. हे आकडे आहेत. त्यांच्यापुढे विशेषणे थिटी पडतात.

काही चांगल्या गोष्टीही घडल्या आहेत. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथराव मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन झाले. २०२१ पासून त्यांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली, जेणेकरून आईबाप फडात असताना मूल शाळेत राहावे. दुसरीकडे ऊस तोडणारी यंत्रेही फडांत शिरली आहेत. यंत्राला उचल द्यावी लागत नाही. ज्यांचे हात यंत्र रिकामे करील, त्यांच्या हाती त्या दिवशी काय ठेवायचे, हा प्रश्न यंत्रासोबतच आला आहे. उचलीपासून सुटका आणि पोटापासून सुटका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बीड जिल्हा औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतो. त्या भागात आपले लोक थोडे आहेत आणि मुंबई-वसईच्या वाचकाला तो दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या सकाळच्या चहातील साखर तितकी दूर नाही. आणि ‘उचलणे’ हे क्रियापद तर प्रत्येक मिस्साबलिदानात आपल्या कानांजवळून जाते. देवाच्या कोकराला उद्देशून जी लॅटिन प्रार्थना पूर्वी म्हटली जाई, तिच्यात ‘टोल्लेरे’ हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ उचलणे असाही होतो आणि दूर करणे असाही होतो. जो दुसऱ्याचे ओझे स्वतः उचलतो तोच ते दूर करतो, हे त्या एका क्रियापदात सामावले आहे. क्रूस उचलण्याची आज्ञा आपणां सर्वांना आहे. परंतु तो दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवण्याची परवानगी कोणालाही नाही.

भाषेचा अभ्यास करणारा माणूस शब्दांचे अर्थ लिहून ठेवतो. ते बदलणे त्याच्या हाती नसते. ते समाजाच्या हाती असते. सालगड्याच्या काळापासून ‘उचल’ म्हणजे ऋण. कामगाराला त्याच्या श्रमाचे मोल वेळच्या वेळी आणि पुरेपूर मिळाले, पत्नीच्या श्रमाचा पैसा पत्नीच्या हाती पडला, आजारपणाचा दिवस दंडाविना गेला, तर हा अर्थ कोशात ‘जुना’ अशी खूण करून ठेवता येईल. मग बीडच्या खेड्यातील आई ‘उचलून घे’ म्हणेल तेव्हा तिच्या मनात मुकादमाची वही येणार नाही. तिचे लेकरू हात वर करून समोर उभे असेल, एवढेच.